दिवाळी अंकासाठी बलात्कार कसा लिहावा

परवा एका दिवाळी अंकाकडून माझी कथा परत आली. साभार परत येण्याची मला सवय आहे, त्याचं काही नाही. पण या वेळी संपादकांनी आपुलकीनं फोन करून कारणही सांगितलं. "मॅडम, भाषा सुरेख. पण तुमची नायिका दुसऱ्या दिवशी उठते, मुलाचा डबा भरते आणि आठ-बावीसची फास्ट पकडते. एवढं सगळं झाल्यावर? वाचकाला पटत नाही हो. निदान विहिरीपर्यंत तरी जाऊ द्या तिला."

कथा कांदिवलीतली आहे. तिथे विहीर कुठून आणू, हे विचारायचं राहून गेलं.

तर नवोदितांवर अशी वेळ येऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. मोफत आहे, मानधनासारखंच.

सुरुवात हवामानापासून करा. पाऊस हवाच. वीज कडाडली पाहिजे, दिवा फडफडून विझला पाहिजे, एखादं फूल कुस्करलं गेलं पाहिजे आणि बांगड्या फुटल्या पाहिजेत. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना असलं काही घडतं असं लिहाल तर कथा परत येईल.

मग तिचं वर्णन. इथे हात सैल सोडा. ओला पदर, धपापणारा ऊर, गोरी पाठ. अशा प्रसंगी आपला लेखक नेमका कुठे उभा असतो ते मला कधी कळलं नाही, पण त्याला तिथून सगळं दिसतं. दोन परिच्छेद तो बघतो. तिसऱ्यात एकदम व्यथित होतो आणि समाजाला जाब विचारतो. वाचकाच्या दोन्ही सोयी होतात.

गुन्हेगार अनोळखी ठेवा. लाल डोळे, तोंडाला दारूचा वास, जमल्यास परप्रांतीय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो, पण आकडेवारी दिवाळी अंकात शोभत नाही. नवरा तर नकोच. तो कायद्यालाही चालत नाही. २०२४ साली नवीकोरी भारतीय न्याय संहिता लागू झाली, इंग्रजांच्या खुणा पुसल्याचं सांगून झालं, आणि बायको अठराच्या आतली नसेल तर तो बलात्कारच नव्हे, हा अपवाद मात्र जपून पुढे आणला.

तिची जात आधी ठरवून घ्या, म्हणजे बातमीचा मथळा ठरवायला सोपं जातं. खैरलांजीच्या वेळी, २००६ साली, सुरुवातीच्या बातम्यांत दलित कुटुंबाचं ते हत्याकांड 'अनैतिक संबंधातून' झालं होतं.

नाव छापू नका, गुन्हा आहे. गाव, शाळा, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय छापा.

सोबत 'प्रतीकात्मक चित्र' हवं. गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली पोरगी आणि भिंतीवर हाताची सावली. ज्याचा हात आहे तो चित्रात कधीच नसतो, याची काळजी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती ओरडली पाहिजे. नुसतं ओरडून भागणार नाही, तिनं चावलं पाहिजे, ओरबाडलं पाहिजे, आणि तिच्या अंगावर जखमा दिसल्या पाहिजेत. कुठे, किती, केवढ्या, नीट लिहा. कंजुषी करू नका, कारण ही तुमची कथा पुढे कोर्टातही वाचली जाते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी जबाबासाठी गेली होती. वय चौदा ते सोळा, आईवडील नाहीत. रात्रीची वेळ. बरोबरच्या माणसांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. ती सांगत राहिली की मी ओरडले, मी विरोध केला. ओरडून बोलावणार कोणाला होती, पोलिसांना? चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं, वर तिला 'सवय' असल्याचंही नोंदवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निदान एवढं म्हटलं की भीतीनं निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडून दिलं. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे जे झालं ते शांतपणे झालं! त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. २०१३ मध्ये तर कायद्यात लिहूनच टाकलं की शरीरानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानायचं नाही.

लिहून टाकलं. वाचलं कोणी? फेब्रुवारी २०२५, स्वारगेट आगार, पहाटे उभ्या असलेल्या शिवशाहीत तरुणीवर बलात्कार. आणि राज्याचे गृहराज्यमंत्री पत्रकारांना काय सांगतात, तर झटापट झाली नाही, प्रतिकार झाला नाही, म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही. झालं! व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक काका न्यायमूर्ती. ओरडली का नाही? बसमध्ये चढलीच कशाला? अहो, एसटी स्टँड आहे तो. बसमध्ये चढायला नाही तर काय भजी खायला गेली होती ती? घरात चोर शिरला की घरमालकाची दातखीळ बसते, तेव्हा 'मग दागिने राजीखुशीनं दिलेत का' असं त्याला कोणी विचारत नाही. पोलीससुद्धा नाही.

असो. मार्गदर्शन चाललं होतं.

शेवटाचं म्हणाल तर पर्याय भरपूर आहेत. ती मरते, हा सर्वांत लोकप्रिय. भाऊ सूड घेतो आणि गोष्ट भावाची होते, हा दुसरा. ती त्याच्याशीच लग्न करते, हा कौटुंबिक. फारच हळवा शेवट हवा असेल तर इंदूरकडे बघा. २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की त्यानं तक्रारदार बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी. ओवाळणी अकरा हजार. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं, नाहीतर भाऊबीजही उरकली असती.

ती जगते आणि कामाला जाते, हा शेवट मात्र करू नका. २०२१ साली म्हापशाच्या सत्र न्यायालयानं एका खटल्यात आरोपीला निर्दोष सोडलं. तो दोषी की निर्दोष, ते ठरवणं माझं काम नाही. पण निकालपत्रात असंही आहे की तक्रारदार स्त्रीचं नंतरचं वागणं पीडितेकडून अपेक्षित असतं तसं नव्हतं. फोटोत ती हसरी दिसत होती. म्हणजे आमचे संपादक एकटे नाहीत, त्यांच्या चवीचे लोक सगळीकडे बसलेत.

बास. मला हे नाटक पुढे रेटता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला भूक लागते. रजा शिल्लक नसते. घराचा हप्ता असतो. पाळी चुकेल का ही धास्ती असते, घरी सांगायचं की नाही हे ठरत नसतं, आणि पोराला डब्यात भेंडीच हवी असते. ती ऑफिसला गेली, कारण नाही गेली तर पगार कापतात. यात न पटण्यासारखं काय आहे? तुम्हाला ती मेलेलीच बरी वाटते, कारण मेलेलीवर हुंदके देता येतात आणि तिचं म्हणणं ऐकावं लागत नाही.

आणि वाचक म्हणून तुम्ही नामानिराळे राहू नका. मेणबत्ती घेऊन फोटो काढता, 'फाशी द्या' म्हणून निरोप पुढे पाठवता. घरातली नऊ-दहा वर्षांची पोरगी सांगते की मला मामांकडे राहायला पाठवू नका, तर तिला 'नाटकं करू नकोस' म्हणून दटावता. का नको, एवढंसुद्धा विचारत नाही. मग मुंजीत त्याच मामांना पहिल्या पंगतीला बसवून आग्रहानं जिलबी वाढता, आणि वाढायला तिलाच पाठवता. लाज वाटत नाही?