इस्पिकची छक्की

ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला रिक्षा वीस मिनिटं उभी होती आणि मी मनातल्या मनात भांडत होते. घरी पोचले तरी राग उतरला नाही, म्हणून आता उघडच भांडते. ज्यांना पत्त्यांवरून एवढं कशाला असं वाटतं त्यांनी पुढे स्क्रोल करा.

आमचा रविवारचा मॅजिकचा अड्डा तुम्हाला माहीत आहेच. मॅजिक द गॅदरिंग, जादूच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ, त्यातला कमांडर हा प्रकार. टेबलाला चौघं, प्रत्येकाचा १०० पानांचा डेक, साध्या लँड (मॅना, म्हणजे बाकीची पानं टाकायची ताकद, देणारी पानं) सोडल्या तर एकही पान दुसऱ्यांदा नाही, सुरुवातीला ४० लाइफ. आज खेळ आटोपल्यावर चहाचे कप उचलता उचलता यजमान म्हणाले, "तो विंटर ऑर्बवाला डेक पुढच्या वेळी नको आणूस गं. मजा जाते."

कुणाची मजा?

पहिल्या डावात काय झालं ते सांगते. आमच्या कॉम्बोवाल्याने (पानांची जोडी जुळवून एका फटक्यात जिंकणारा तो) पाचव्या टर्नला थासाज ऑरॅकल टाकलं, त्यावर डेमॉनिक कन्सल्टेशन. दोन पानं, तीन मॅना. स्वतःचा अख्खा डेक हवेत उडवला आणि डेक रिकामा म्हणून ऑरॅकलने जिंकला. बाकीचे तिघे हातातली पानं तशीच धरून बसलो. त्यावर सगळे काय म्हणाले? "भारी!" टाळी दिली त्याला. आणि त्याला ती पानं इतक्या लवकर मिळाली कशी, तर आमचे दानशूर कर्ण हाउलिंग माइन मांडून बसले होते. सगळ्यांना दर टर्नला एक पान जास्त. वाटणाऱ्याला वाटतं आपण पुण्य करतोय. मोठा घास नेमका कुणाच्या पानात पडतोय ते कुणी बघत नाही.

दुसऱ्या डावात मी विंटर ऑर्ब टाकला. पान वापरलं की आडवं करायचं, तो टॅप; प्रत्येकाला दर टर्नला एकच लँड अनटॅप करता येते, म्हणजे परत उठवता येते, बस. १९९३ च्या पहिल्या सेटमधलं पान आहे, काही मी घरी छापलेलं नाही. तर तोंडं अशी झाली की जेवणात केस निघाला.

आमच्या आत्याकडे नौपाड्यात गौरीच्या जागरणाला बदाम सत्ती रंगायची. आत्या इस्पिकची छक्की दाबून बसायची. दुसरं पान टाकण्यासारखं आहे तोवर छक्की बाहेर नाही. एक्क्यापासून पंजीपर्यंत ज्यांच्याकडे इस्पिक, ते सगळे "पास, पास" करत रडकुंडीला. आत्या तोंडात लवंग धरून पंख्याकडे बघत बसलेली. "कुणाकडे आहे गं छक्की?" सगळ्यांना माहीत असायचं कुणाकडे आहे! पण पुढच्या वर्षी आत्याला खेळायला घेऊ नका, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट तिच्याशेजारी बसायला भांडणं.

चौघांच्या टेबलाचं गणित बघा ना. मारामारीचा डेक असेल तर तिघांचे मिळून १२० लाइफ उतरवायचे. कॉम्बोवाल्याला दोन पानं पुरतात. मग त्याला आवरणारा कुणीतरी नको? माझ्या डेकमध्ये रूल ऑफ लॉ आहे, टर्नला एकाला एकच स्पेल, म्हणजे लँड सोडून एकच पान. त्यापुढे त्याची ती जोडी लंगडी पडते. म्हणजे टेबलावरची पोलिसगिरी मी करायची आणि खडूसही मीच.

हो, कबूल, आता ते ब्रॅकेट, म्हणजे डेकच्या ताकदीचे गट, आलेत आणि विंटर ऑर्बसारखी लँड दाबणारी पानं खालच्या तीन ब्रॅकेटमध्ये चालत नाहीत. पण पाचव्या टर्नची दोन पानांची कॉम्बोही तिथे चालत नाही, हे कुणी वाचायचं? सप्टेंबर २०२४ मध्ये मॅना क्रिप्ट आणि ज्युवेल्ड लोटस या महाग पानांवर बंदी आली तेव्हा गळा काढणारे हेच लोक. महाग पान बंद झालं तर अन्याय, माझं स्वस्तातलं पान बंद केलं तर मजा.

बाई असून इतकी खुनशी खेळतेस, असंही एकजण हसत हसत म्हणाला. त्याच्याशी नंतर बोलते.

आणि हो, डाव अडीच तास चालला. तेवढं मान्य. मी दाबते छान, पण संपवायला माझ्याकडे धड काही नसतं.

खरं सांगायचं तर आता लिहिताना त्या अडीच तासांतला यजमानांचा मुलगाच डोळ्यांसमोर येतोय. चौदा वर्षांचा. क्रेंको या गॉब्लिनांच्या म्होरक्याचा डेक घेऊन पहिल्यांदा मोठ्यांत बसला होता. क्रेंको टॅप केला की जितके गॉब्लिन तितकेच नवे, दुपटीने वाढतात. पण क्रेंकोला चार मॅना लागतात. या पोराची दर टर्नला एक लँड उठायची आणि हा ती लगेच एखाद्या फुटकळ गॉब्लिनवर उडवायचा. दोन-तीन टर्न दम धरला असता तर क्रेंको आला असता, आणि त्याला ऑर्ब काही करू शकत नाही. ऑर्ब फक्त लँड दाबतो! मला दिसत होतं. मी पंख्याकडे बघत बसले. शेवटी तो मोबाइल घेऊन आत गेला. "मजा जाते" हे यजमानांनी कुणासाठी म्हटलं ते मला तिथेच कळायला हवं होतं.

आत्याची गोष्ट वर अर्धीच सांगितली मी. एका जागरणाला इस्पिकची दुर्री, तिर्री, पंजी माझ्याच हातात होती. नऊ वर्षांची होते. पत्ते फेकून, रडून, न जेवता झोपले. आत्याने छक्की तरीही टाकली नाही. सकाळी चहाबरोबर पत्त्यांचा जोड घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ये, दाबायचं कसं ते दाखवते."

यजमानांना आत्ताच मेसेज टाकलाय. डेक मी आणणार. पण रविवारी अर्धा तास आधी येते, ऑर्ब तुमचा मुलगा खेळेल, त्याचे गॉब्लिन मी घेते. कॉम्बोवाल्याला आधी सांगू नका.

निळी टिक आलीय. उत्तर नाही अजून.