लेआउटच्या पाण्याचा हिशेब

परवाच्या पावसात लेआउटच्या (वावरात प्लॉट पाडून झालेल्या वस्तीच्या) खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या दोन गल्ल्यांत गुडघाभर पाणी शिरलं आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर असा: "ही ढगफुटी होती, निसर्गापुढे कोणाचं चालत नाही. वावर असो की लेआउट, पाऊस तेवढाच पडतो, अन् काळी माती तसंही पाणी पीत नाही. वरचं पाणी खालच्यानं घ्यावं असा कायदाच आहे. नाला सरळ करून सिमेंटचा बांधा, विषय संपला." मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या घरात पाणी होतं!

आधी ढगफुटी. साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की महसूलच्या भाषेत अतिवृष्टी. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हाही लोक ढगफुटीच म्हणाले. पाऊस १०० मिमीच्या वर होता, पण काही तासांचा मिळून. आपल्या मंडळाचा रोजचा आकडा कृषी विभागाच्या महारेन या वेबसाइटवर दिसतो. दिवसभराचाच आकडा शंभराच्या आत असेल तर एका तासात शंभर कुठून आणणार? आणि एक गोष्ट. जुनी वस्तीही त्याच नाल्याला लागून आहे, फक्त लेआउटच्या वरच्या अंगाला. तिथं कोणाचा उंबरा ओला झाला नाही.

काळ्या मातीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो खपतो. जूनमध्ये वावराला हात जाईल अशा भेगा असतात, पहिले पाऊस त्यात गडप होतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि ऑगस्टमधलं चिंब वावर खरंच फार कमी पाणी घेतं. पण वावराचं काम पाणी पिण्यापुरतं नसतं, ते पाणी रोखून धरतं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) सऱ्या, डवरलेली ढेकळं, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं गवत, लवणीत (पाणी वाहून येतं त्या सखल पट्ट्यात) साचलेलं पाणी, या सगळ्यातून वाट काढत ते नाल्याला लागेपर्यंत बराच वेळ जातो. लेआउट पाडताना पहिल्याच आठवड्यात धुरे मोडतात आणि लवण मुरमानं बुजवतात. नंतर सिमेंट रस्ता, स्लॅब, फरशीचं अंगण. मग जे पाणी रमतगमत यायचं ते एकदमच येतं.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. पाच एकर म्हणजे सुमारे २०,००० चौरस मीटर. ५० मिमीची सर आली की १० लाख लिटर, दहा हजारी टँकर म्हटले तर शंभर. शेतजमिनीवरून २० ते ४० टक्के पाणी वाहून जातं असं अभियंते ढोबळमानानं धरतात, स्लॅब आणि सिमेंटवरून ८० ते ९५. भरलेल्या लेआउटचं सरासरी ६०-७० धरा. जिथं तीस टँकर यायचे तिथं साठ-सत्तर. चिंब काळ्या मातीत वावराचा आकडा वर सरकतो हे कबूल. तरी वेळेचा फरक उरतोच, आणि घरात पाणी शिरतं ते त्या वेळेपायी.

कायदा आहे, नाही असं नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधल्या उदाहरणात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खालच्यानं येऊ द्यावं असं म्हटलंय, पण 'नैसर्गिकरीत्या' येणारं. कंपाउंडच्या भिंतीतून आठ इंची पाइप काढून माझ्या धुऱ्यावर सोडणं त्यात कसं बसवता? उलट लवण बुजवल्यानं कोणाच्या वावरात पाणी तुंबलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अडथळा काढायला अर्ज करता येतो. मुदत सहा महिने, तेवढं लक्षात ठेवा.

सिमेंटच्या सरळ नाल्यातून पाणी लवकर निघून जाईल, खरं आहे. त्याच उतारावर, गवताळ मातीच्या नाल्याच्या निदान दुप्पट वेगानं. पण जाईल कुठं? खाली डांबरी रस्त्याखालची मोरी तेवढीच आहे. ती जमेल तेवढं घेणार, बाकीचं मागे तुंबणार. मोरी वाढवली तर पुढच्यांचं काय? नाल्याकाठची माती खरडून गेली की पंचनाम्याला तलाठी येतो, लेआउटवाला येत नाही.

घराघरात शोषखड्डा हे उत्तरही काही जण देतात. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला की त्यात जेमतेम चारशे लिटर मावतात. शंभर चौरस मीटर स्लॅबवरून ५० मिमीला पाच हजार येतात. खड्डा जरूर खणा, पण पुराचं ओझं त्याच्यावर टाकू नका. रस्त्याचं घाण पाणी बोअरमध्ये सोडायचं तर नावच काढू नका.

खरी जागा लेआउटच्या नकाशातच आहे. राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, आणि त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. पाच एकरात ती अर्धा एकर. ही जागा सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ठेवून अर्धा मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन फूट खोल केली तर त्यात दहा लाख लिटर मावतात. पूर्ण लेआउटवर पडलेली ५० मिमीची अख्खी सर! खाली बारीक पाइप ठेवायचा, पाणी दिवसभरात हळूहळू नाल्यात जातं. डासाची अळी वाढायला आठवडा लागतो, तोवर जमीन उघडी. कडा उताराच्या ठेवल्या की उरलेले दिवस पोरं तिथं क्रिकेट खेळतील. आपल्याकडे मात्र ओपन स्पेस म्हणजे विकला न जाणारा तुकडा: वरच्या कोपऱ्यात, मुरूम टाकून उंच केलेला, त्यावर दोन झोपाळे.

जिनिंगमागच्या वावरात सध्या नव्या लेआउटचे खुंट ठोकलेत. लवण अजून बुजवलेली नाही. सोमवारी नगरपंचायतीत जाऊन त्याचा नकाशा पाहणार आहे. कोणाला यायचं असेल तर अकराच्या सुमारास या.