टाकाऊ पत्रा म्हणजे सुरक्षित खेळणं?

‘टाकाऊ डब्यांपासून बनलेली, म्हणून मुलांसाठी प्लॅस्टिकपेक्षा सुरक्षित’ हे टाकाऊ पत्र्याच्या खेळण्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. पत्रा जुना आहे म्हणून तो निरुपद्रवी कसा होतो? पत्र्याचे जोड सांधायचा पारंपरिक डाख म्हणजे कथील आणि विषारी शिसं यांचं मिश्रण. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, आणि लहान मूल खेळणं आधी तोंडातच घालतं! शिवाय डबा आधी कशाचा होता, हा प्रश्न आहेच. खाण्याच्या पदार्थाचा असेल तर ठीक, कीटकनाशकाचा असेल तर?

कलेबद्दल जे लिहिलंय ते मात्र शंभर टक्के मान्य. मादागास्करमध्ये डब्यांपासून बनवलेली एक छोटी सित्रोएन मोटार माझ्याकडे आहे. दार उघडलं की आतल्या बाजूला मूळ डब्यावरची छापील अक्षरं उलटी दिसतात. कारागिराने ती मुद्दाम ठेवली असावीत, कारण बाहेरची बाजू अगदी कोरी आहे. दारांच्या कडा दुमडून आत ठोकल्यात, बोट फिरवलं तरी टोचत नाही. चाकांवरचा पत्रा मात्र नुसता कातरलेला, तिथे हमखास ओरखडा निघतो. म्हणून ती फडताळात वरच्या कप्प्यात असते आणि घरातली पोरं खालून हात लांब करून मागत राहतात. विकत घेणाऱ्यांनी आधी कडा आणि जोड तपासावेत, एवढी एक ओळ लेखात हवी होती. शोभेची वस्तू कुठली आणि खेळायची कुठली, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारायला लाजू नये.