कुंपणाच्या या बाजूने

गावच्या ग्रुपवर सतरा वर्षांच्या एका पोराने लिहिलं, "बायकांनी युद्धात तोंड घालू नये." पहलगामला नवरा गमावलेल्या तरुणीने न्याय मागितला आणि मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका असंही सांगितलं, एवढंच निमित्त. मे २०२५ चा तो आठवडा मला अजून खुपतो. जिचं कुंकू गेलं तिलाच शिव्या!

मी इंग्लंडमधल्या न्यूबरीत राहते. पोरीला शाळेत सोडून ग्रीनहॅम कॉमनवर फिरायला जाते. तिथे पूर्वी अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. अण्वस्त्रं वाहणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर आता गवत आहे, जवळ गाई चरतात. ती क्षेपणास्त्रं इथे येऊ नयेत म्हणून १९८१ साली कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी या तळाच्या कुंपणाशी मुक्काम ठोकला. डिसेंबर १९८२ मध्ये ३० हजार जणींनी हातात हात धरून तळाला वेढा घातला आणि तारांना लेकरांचे कपडे, फोटो बांधले. पुढच्याच वर्षी क्षेपणास्त्रं आलीच. ती गेली १९९१ मध्ये, १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार; पण बायका २००० पर्यंत हटल्या नाहीत. त्यांनाही काही पबमध्ये बसू देत नसत. आज तिथे त्यांच्या आठवणीची बाग आहे. आपल्याकडे अशी बाग कधी होईल, असं मनात येतंच.

आणि आमचा जिल्हा कोणता? सेवाग्रामचा, पवनारचा. त्याच जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तो पेटला, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, आजूबाजूची गावं घरं सोडून पळाली. मी तेव्हाही इथेच होते, सुरक्षित. माझ्या मायने सांगितलं तेवढंच मला माहीत: "आभाय लाल झालं, लेकरं उचलली न पयालो." ग्रुपवर लिहिणारा हा पोरगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याची माय त्याला पाठीवर घेऊन धावली होती. युद्ध अजून झालंही नव्हतं, त्याचं सामान तेवढं पेटलं होतं.

मी हे सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं. तेवढ्यात चुलतभावाचा मेसेज आला, "तिकडं बसून बोलाले काय जाते वं?" मी पुसून टाकलं. त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. इथेही मी कुठल्या मोर्च्यात जात नाही. व्हिसाचं कारण सांगते, पण भीती वाटते हेच खरं.

रात्री माझ्या मायला फोनवर हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"तू राहू दे. मीच जातो उद्या त्याच्या मायकडे. तिले आठवते ते रात."