इंग्लंडच्या शिवारात पिकातूनच चाला, बांधावरून नको

उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, हे आपल्या अंगात लहानपणीच मुरलेलं असतं. म्हणून इंग्लंडमध्ये फिरायला निघालेली मराठी मंडळी शेतातल्या पायवाटेवर हमखास चुकतात. समोर गहू उभा, वाट नेमकी त्याच्या मधोमध गेलेली. मग सगळे जण बांधाच्या कडेने लांबचा वळसा घालतात. भावना चांगली आहे, पण तिथे ती उलटी पडते. कायद्याची वाट पिकातूनच जाते. वळसा घालून आपण ज्या कडेने चालतो ती शेतकऱ्याची खासगी जमीन, तिथे आपल्याला हक्क नाही.

आपल्या महसूल संहितेत कलम 143 आहे. स्वतःच्या शेतात जायला रस्ता नसेल तर तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. तो हक्क कसणाऱ्याचा, आणि तो बांधावरून. इंग्लंडमधला फुटपाथ (इथे याचा अर्थ रस्त्याकडेची फरसबंदी नव्हे, शेतातली हक्काची पायवाट) सगळ्यांचा. ज्याचं त्या गावात शेत नाही, घर नाही, सोयरा नाही, तोही तिथून बिनदिक्कत चालू शकतो. 1949 च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करणं काउंटी काउन्सिलांवर, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदांवर, बंधनकारक झालं. नकाशावर चढलेली वाट कुणी चाललं नाही म्हणून कागदावरून रद्द होत नाही. जमिनीवरून मात्र पुसली जाते. दोन-तीन हंगाम पाय पडले नाहीत की कुंपणाची झाडी ते ओलांडायच्या लाकडी पायरीवर चढतं आणि पुढच्या माणसाला वाट सापडतच नाही. म्हणून ठरलेल्या रेषेवर चालणं मला फार मोलाचं वाटतं.

शेतकऱ्याची बाजूही कायद्यात नीट मांडलेली आहे. पिकातून आडवी जाणारी वाट तो नांगरू शकतो, पण पहिल्या मशागतीनंतर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून, रेषा दिसेल अशी ठेवावी लागते. त्यानंतर पुन्हा कुळव फिरवला तर 24 तासांत. रुंदी किमान 1 मीटर. कडेने जाणारी वाट तर त्याने नांगरायचीच नाही. आपण काय करायचं? एकामागे एक चालायचं. दोघं जोडीने गप्पा मारत निघाले की वाट रुंदावते आणि ते नुकसान खरंच शेतकऱ्याचं.

आता प्रत्यक्ष फेरी. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातलं बोर्टन-ऑन-द-वॉटर हे गाव सगळ्यांना ठाऊक. विंडरश नदीवरच्या बुटक्या दगडी पुलांवर फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचं आणि बसमध्ये बसायचं. एवढ्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. तिथून वॉर्डन्स वे ही पायवाट धरा: लोअर स्लॉटर, अपर स्लॉटर, मग नॉन्टन. नॉन्टनहून दक्षिणेचा चढ चढून विंडरश वे गाठा आणि तिने बोर्टनला परत या. साधारण 16-17 किलोमीटर होतात. या दोन वाटांची जोडी छान जमते: पहिली गावागावांतून जाते, दुसरी गावं टाळून माळावरून आणि दरीतून. वेळ कमी असेल तर दोन्ही स्लॉटर बघून माघारी फिरा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मुलं सोबत असतील तर हेच करा.

बोर्टन सोडताना फॉस वे हा जुना रोमन रस्ता ओलांडावा लागतो. आज तो वाहता मोठा रस्ता आहे, मुलांचे हात धरा. लोअर स्लॉटरला आय नावाची छोटी नदी गावाच्या मधून वाहते आणि टोकाला जुन्या गिरणीचं विटांचं धुराडं दिसतं. नावाला घाबरू नका. स्लॉटर हे नाव कत्तलीवरून नव्हे, ओल्या, चिखलाच्या जागेसाठी असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलं असं मानतात, आणि पावसाळी दिवसात ते पटतंही. अपर स्लॉटरच्या चौकातली घरं 1906 मध्ये वास्तुरचनाकार एडविन लट्यन्सने नव्याने बांधली. हो, नवी दिल्लीवालाच. दोन्ही महायुद्धांत या गावातून गेलेलं प्रत्येक माणूस जिवंत परत आलं. इंग्लंडमधल्या इतर गावांतल्या हुतात्मा स्तंभांवरची नावं वाचत आलेल्याला इथे थांबावंसं वाटतंच.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर ओएल 45 हा नकाशा घ्या. त्यावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. 1:50,000 चा नकाशा स्वस्तात मिळाला तरी या कामाचा नाही, कारण त्यात शेतांचे बांध दाखवलेले नसतात, आणि शेतातून चालताना आपण बांधच मोजत असतो: दोन शेतं ओलांडली, आता तिसऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात पायरी. हिरव्या बारीक तुटक रेघा म्हणजे पायवाट, लांब तुटक रेघा म्हणजे घोड्यांनाही मुभा. प्रत्यक्ष वाटेवर खांबाला ठोकलेल्या चकतीवर बाण असतो: पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा घोड्यांचा आणि सायकलींचाही.

वाट चुकते ती बहुतेक या बाणापाशीच. बाण फक्त ‘इथून पुढे’ एवढंच सांगतो असं समजून लोक कुंपणाच्या कडेने चालू लागतात. बाणाचा कल हीच दिशा असते. खांबाला पाठ लावून उभं राहा, बाण जिकडे झुकलाय तिकडे शेतापलीकडच्या कुंपणात फट, फाटक किंवा पायरी शोधा, आणि मगच पाऊल टाका. एक खबरदारी: चकतीचा एक खिळा निघाला असेल तर ती दुसऱ्या खिळ्यावर फिरते आणि भलतीकडे बोट दाखवते. दोन्ही खिळे बघा, शंका आली की नकाशा.

लाकडी पायऱ्या, म्हणजे स्टाइल, ओल्या असल्या की शेवाळाने निसरड्या होतात. फळीच्या मधोमध नको, खांबालगत पाय ठेवा आणि उतरताना तोंड पायरीकडेच असू द्या, शिडीवरून उतरतो तसं. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. उघडं फाटक पाहून लावून टाकलंत तर जनावरांची पाण्याची वाट बंद होते.

वाट सोडायची ती मात्र गाईंसाठी. वासरं सोबत असलेल्या गाई खरंच धोक्याच्या. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका, लांबून वळसा घ्या आणि पुढे पुन्हा वाटेला लागा. कुत्रा सोबत असेल तर साखळीवर ठेवा, पण गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, त्याला धरून ठेवणारा माणूस सापडतो. वळूंचं म्हणाल तर दुभत्या जातीचा 10 महिन्यांवरचा वळू वाटेच्या शेतात सोडायला बंदी आहे. मांसाच्या जातीचा गाईंसोबत असू शकतो.

चिखल सगळ्यात जास्त फाटकांपाशी, कारण जनावरं आणि ट्रॅक्टर तिथेच वळतात. घोट्यावर येणारे बूट हवेत, साधे स्पोर्ट्स शूज पहिल्याच फाटकाला भरतात. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या मोहरीसारखं रेपचं पीक छातीपर्यंत येतं, पाऊस पडून गेल्यावर त्यातून निघालं की छातीपर्यंत भिजायला होतं. उन्हाळ्यातही लांब पँट घाला, नेटल नावाची खाजरी वनस्पती पायऱ्यांच्या आसपासच दाट वाढते. वेग ताशी 3 किलोमीटरच धरा, पायऱ्या आणि फाटकं वेळ खातात. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मोठी फेरी करायची तर नऊलाच बोर्टन सोडा. गाडी नसेल तर लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने मोरटन-इन-मार्श, पुढे बस. रविवारच्या बसची वेळ आधी बघून ठेवा.

आणि वाट नांगरलेली, पिकाने बंद केलेली किंवा तारांनी अडवलेली दिसली तर शेतकऱ्याशी हुज्जत घालू नका. फोटो काढा, नकाशावरचा जागा दाखवणारा ग्रिड क्रमांक लिहून घ्या आणि ग्लॉस्टरशायर काउंटी काउन्सिलला कळवा. वाट मोकळी करून घेणं हे त्यांचं कायदेशीर काम आहे, आणि नेमकी जागा कळली नाही तर त्यांनाही ते करता येत नाही.