धबधबा धबधबा धबधबा

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या त्या बेटाचं नाव जसं उच्चारतात तसं देवनागरीत लिहिलं की 'मल' होतं, त्याला माझा इलाज नाही. ओबानहून बोट सुटल्यावर बाबांनी मला कठड्यापाशी नेऊन हळूच विचारलं, "अरे, साताऱ्यात सांगू काय? दोन दिवस मलावर होतो?"

मुळात ज्याच्या दारात ठोसेघर आणि वजराई, त्याला ग्लासगोहून एवढ्या लांब धबधबा बघायला न्यायचं, म्हणजे सातारकराला कंदी पेढे भेट देण्यातला प्रकार. पण बायकोनं फोनवर शोधून ठेवला होता. अगदी रस्त्याच्या कडेला, झाडीत, बाबांच्या गुडघ्यांना झेपणारा. नाव एस फोर्स. गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, 'एस' म्हणजे धबधबा. पूर्वी या बेटांवर येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीत 'फोर्स' म्हणजेही धबधबा. त्यापुढे आता इंग्रजीतलं 'वॉटरफॉल' लागतं.

"म्हणजे गाईचं गोमूत्र," बाबा म्हणाले.

क्रेगन्यूरला बोटीतून उतरून सेलनपर्यंत ठीक गेलं. तिथे डावीकडे वळलो आणि रस्ता एका गाडीपुरता उरला. येणाऱ्यांनी त्यावरूनच यायचं, जाणाऱ्यांनी त्यावरूनच जायचं. मधेमधे अजगरानं शेळी गिळल्यासारखे फुगवटे असतात, त्यांना 'पासिंग प्लेस' म्हणतात. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आपण आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर आहे तिथेच थांबून समोरच्याला शिरू द्यायचं. आणि थांबणाऱ्याला हात करायचाच. तिथली माणसं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. बाबा पुढच्या सीटवरून दोन्ही हात जोडून नमस्कार करत होते, प्रत्येकाला. एका मेंढीलाही झाला.

एवढ्यात लांबून एका गाडीनं दिवे मारले.

"थांब! तो येतोय!" बाबा ओरडले.

आपल्याकडे दिवे मारले की 'मी आलो, बाजूला व्हा'. इथे त्याचा अर्थ 'या, मी थांबलोय'. मला हे माहीत होतं. पण चाळीस वर्षं ज्यांचा आवाज ऐकून ब्रेक दाबलाय, त्यांच्यापुढे माहितीचं काय चालतं? मी थांबलो. तो थांबलेलाच होता. त्यानं पुन्हा दिवे मारले. बाबा म्हणाले, "बघ, चिडला." शेवटी मी निघालो आणि तोही त्याच क्षणी कंटाळून निघाला. त्याच्यामागे एक कॅम्परव्हॅन होती, माझ्यामागे कुणी नव्हतं. मग मागे कुणी जायचं हे उघडच होतं. डावीकडे लॉख ना कील या खाडीचं पाणी, उजवीकडे दगडी गडगा आणि मानेत लचक, अशा थाटात मी रिव्हर्स घेत गेलो. बायको मागच्या काचेतून "ये, ये, ये" करत होती. "बास" मात्र तिनं आरसा गडग्याला लागल्यावर म्हटलं.

धबधबा? होता ना. बर्चच्या झाडीत, डोहातून डोहात उतरणारा, कोऱ्या चहाच्या रंगाचा. इथल्या मातीत कुजलेल्या शेवाळाचा पीट असतो, त्यातून पाणी येतं तेच उकळल्यासारखं. खरी मोठी धार रस्त्याच्या खालच्या अंगाला, कड्यावरून जवळजवळ शंभर फूट थेट समुद्रकिनाऱ्यावर पडते. ती वरून दिसत नाही. आम्ही तिच्या डोक्यावर उभे होतो.

"आवाज चांगला आहे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात वारा पडला आणि मिज आले. मिज म्हणजे मोहरीहून बारीक चिलटं. वाऱ्यात त्यांना उडता येत नाही, त्यामुळे ती दबा धरून बसतात. चावतात फक्त माद्या, हे मी बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं. साताऱ्याहून आणलेलं डासांचं मलम ती चवीनं खात असावीत. मी कानामागे, ती मनगटावर, अशी आमची लावणी सुरू झाली.

बाबा मात्र दगडावर शांत बसले होते. त्यांनी माकडटोपी घातली होती. जुलैत माकडटोपी घेतली म्हणून बायको घरून निघताना हसली होती. आता ती त्या टोपीकडे ज्या नजरेनं बघत होती तशी तिनं लग्नातल्या शालूकडेही बघितली नसेल.

रात्री टोबरमोरीला खोलीवर वायफाय मिळाल्यावर बाबांनी काकाला फोन लावला. आम्ही पलंगावर खाजवत ऐकत होतो.

"कुठे ते राहू दे रे... हां, पोरानं पाऊण मैल रिव्हर्स घेतला! एका दमात! खंबाटकीत असं कुणी... नाही नाही, आरसा गेला फक्त... काय? धबधबा? हां, तोही होता तिथे."