गेटवेखालून पंचम जॉर्ज गेलाच नव्हता

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याने परवा ‘मुंबई बंदर: इंग्रजांची देणगी’ असा लांबलचक मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय, आपल्या लोकांना होडग्यांपलीकडे काही बांधता येत नव्हतं. ससून नावाच्या इंग्रज गव्हर्नरने गोदी बांधली. आणि 1911 मध्ये पंचम जॉर्ज गेटवेखालून मुंबईत शिरला. असले मेसेज मी न वाचताच उडवते. पण आत्याच्या नातवाने हा शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत उतरवलाय, ‘होडगी’खाली लाल स्केचपेनची रेघही ओढलीय.

होडगी? लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीसाठी मुंबईला गेले ते सुरतेहून. आपल्या स्टेशनवरून गाडीत बसलं की दोन-अडीच तासांत येणाऱ्या सुरतेहून! त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजं बांधली आणि ती वापरली खुद्द इंग्रजांच्या आरमाराने. कारण साधं आहे. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल त्यांना जपतं. 1842 मध्ये चीनने इंग्रजांशी नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर केला, ते जहाज मुंबईचं. 1817 मध्ये मुंबईतच पाण्यात सोडलेलं वाडियांचं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय. हवं तर तिकीट काढून आत जाता येतं. आत्या, दोनशे वर्षं पाण्यावर आहे ते होडगं!

ससून गव्हर्नर नव्हते. बगदादहून आलेलं ते ज्यू व्यापारी घराणं. 1875 ची ससून गोदी त्यांच्याच पैशाची.

गेटवेचं तर विचारूच नका. मार्च 1911 मध्ये नुसता पायाचा दगड बसला होता. डिसेंबरात राजा अपोलो बंदरावर उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याचा देखावा होता. खरी कमान खुली झाली 1924 मध्ये.

आता एवढं कबूल करते, कारण नाही केलं तर आत्याच धरेल: 1873 चा पोर्ट ट्रस्ट, 1880 ची प्रिन्सेस गोदी, 1888 ची व्हिक्टोरिया गोदी हे सगळं इंग्रजी अमलातलं. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली, तीही त्यांचीच योजना. पण ओखा बंदर आपल्या बडोदा संस्थानाने बांधलं, हे आत्याला कुणी सांगायला नको. सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की तीच अर्धा तास बोलते.

वही मंगळवारी द्यायची आहे. नातवाला म्हटलं, पान फाडू नकोस, लाल रेघेच्या वरच ‘ट्रिंकोमाली, 1817’ लिही. त्याने विचारलं, स्पेलिंग काय?